मुल्की, भूमिपुत्र आणि मजूर : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एका संकल्पनेची समीक्षा

'भूमिपुत्र' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. एका अर्थाने भूमिपुत्र म्हणजे जमीन कसणारा, मातीत राबणारा. दुसऱ्या अर्थाने तो म्हणजे त्या प्रांतात जन्मलेला आणि म्हणूनच तेथील नोकरीधंद्यावर पहिला हक्क असलेला मनुष्य. पहिल्या अर्थाच्या मुळाशी श्रम आहे, दुसऱ्याच्या मुळाशी वास्तव्य आहे. राजकीय व्यासपीठावर या दोन अर्थांची सरमिसळ व्हावी यात नवल नाही, कारण पहिल्या अर्थाचे पावित्र्य दुसऱ्या अर्थाच्या मागणीस आपोआप लाभते. परंतु सामाजिक शास्त्रांच्या मराठी लेखनातही ही सरमिसळ निर्वेध चालू राहिली आहे. परप्रांतीय कामगार, जागतिक भांडवल आणि स्थानिकांचे हक्क यांविषयीचे विवेचन बहुधा 'राष्ट्र विरुद्ध बहुराष्ट्रीय कंपनी' किंवा 'प्रांत विरुद्ध उपरा' अशा द्वंद्वांत मांडले जाते. आणि ज्याच्या हालचालीवरून हा सारा वाद चालतो तो मजूर त्या मांडणीत एक संख्या म्हणूनच उरतो.

या मांडणीची परीक्षा घेण्यास जालना जिल्ह्याइतके योग्य क्षेत्र मराठवाड्यात दुसरे क्वचितच सापडेल. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला आणि परभणीकडून परतूर तालुका मिळालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा एकाच वेळी मजूर आणतो आणि मजूर पाठवितो. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत; त्यांत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार या राज्यांतील कामगार राबतात. त्याच जिल्ह्याच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. शहर कुणाचे तरी मुक्कामाचे गाव होत असता त्याच जिल्ह्यातील खेडी रिकामी होतात. 'जालना सोन्याचा पाळणा' ही जुनी म्हण व्यापारी पेठेच्या वैभवावरून पडली. पाळणा हलविणारे हात कोठून आले याची विचारणा त्या म्हणीत नाही.

'भूमिपुत्र' हा शब्द जालन्यास नवा असला, तरी त्यामागील कल्पना नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानात 'मुल्की' व 'गैरमुल्की' हा भेद राज्यकारभाराच्या अंगी मुरलेला होता. सालारजंगाच्या कारकिर्दीपासून उत्तर हिंदुस्थानातून सुशिक्षित अधिकारी आणविले गेले; त्यांच्याविरुद्ध संस्थानातील सुशिक्षितांची तक्रार वाढत गेली; आणि १९१९ च्या नियमांनी सरकारी नोकरी मुल्कींसाठी राखली गेली. जन्माने संस्थानची प्रजा असलेला तर मुल्की होताच. परंतु बाहेरून आलेल्यासही मुल्की होण्याची एक वाट ठेवलेली होती. त्याने संस्थानात किमान १५ वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे, आणि आपल्या मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे असे प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे.

या शेवटच्या अटीकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. वास्तविक सगळ्या संकल्पनेची किल्ली तीत आहे. मुल्की ठरण्यास केवळ येणे पुरेसे नाही, राहणेही पुरेसे नाही. परत न जाण्याचा संकल्प हवा. ज्याचे मन मागे आहे त्यास येथे हक्क नाही. दरबारी नोकरीसाठी आलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत ही अट समजण्याजोगी आहे. तो कुटुंबकबिल्यासह आला, हवेली बांधली, मुले शाळेत घातली, म्हणजे त्याचे 'येथले होणे' सिद्ध झाले. परंतु ज्याचे सारे जीवनच जाणे आणि परतणे यांनी बनलेले आहे, ज्याची मजुरी गावाकडील घर चालविण्यासाठीच आहे, त्या मजुराने हे प्रतिज्ञापत्र कसे लिहून द्यावे? मुल्की नियम मजुरांसाठी नव्हते, असे उत्तर यावर देता येईल, आणि ते बरोबरच आहे. ते पदांसाठी होते. कारकून, तहसीलदार, शिक्षक, न्यायाधीश यांच्या जगात त्यांचा जन्म झाला. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात गेल्यावर या नियमांची पुढील कहाणी आंध्र प्रदेशात घडली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले. पण त्यांनी घडविलेली विचाराची सवय नियमांबरोबर संपली नाही.

भारतातील स्थानिकतावादाचा सर्वांत परिचित अभ्यास म्हणजे मायरन वायनर यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला 'सन्स ऑफ द सॉइल' हा ग्रंथ. आसाम, छोटा नागपूर आणि हैदराबाद ही त्यांची उदाहरणे. स्थानिकांमध्ये नवा सुशिक्षित मध्यमवर्ग उदयास येतो, त्यास हव्या असलेल्या जागा आधीच बाहेरच्यांनी व्यापलेल्या असतात, आणि या स्पर्धेतून स्थानिकतावाद जन्म घेतो, अशी त्यांची उपपत्ती आहे. हैदराबादेच्या मुल्की आंदोलनास आणि मुंबईच्या आरंभीच्या शिवसेनेसही ती चांगली लागू पडते. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली तेव्हा तिच्या रोषाचे पहिले लक्ष्य गिरणीतील बदली कामगार नव्हता. दक्षिणेकडून आलेला टंकलेखक, कारकून, कचेरीतील अधिकारी हे होते. 'मार्मिक'मध्ये छापल्या गेलेल्या याद्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या होत्या, हमालांच्या नव्हत्या. वायनर यांच्या उपपत्तीची उणीव पुढच्या पायरीवर दिसते. मध्यमवर्गाच्या स्पर्धेतून निघालेली ही कल्पना ज्या ठिकाणी अशी स्पर्धाच नाही त्या भट्टीवर, बांधकामावर, उसाच्या फडात कशी उतरते, आणि उतरल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या चौकटीबाहेर राहतो. फेब्रुवारी २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनाच्या वेळी नाशिक-पुण्याकडून जे उत्तर भारतीय कामगार भयाने गावी निघून गेले, त्यांच्याशी कोणाही पदवीधराची नोकरीची स्पर्धा नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेल्वेभरतीच्या परीक्षेस आलेल्या उमेदवारांवर हल्ले झाले. तेथे ती होती. दोन्ही प्रसंग एकाच घोषणेखाली घडले, म्हणून ते एकाच जातीचे ठरत नाहीत.

पद आणि मजुरी यांतील हा भेद घटनासमितीच्या चर्चेतही दिसतो. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी सरकारी नोकरीतील समान संधीविषयीच्या कलमावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी वास्तव्याच्या अटीस वाव ठेवण्याचे समर्थन केले. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात उडत यावे, मुळे न रुजवता चांगल्या जागा टिपाव्यात आणि निघून जावे, अशा भ्रमंतीस घटनेने मोकळे रान देऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. परंतु ते राज्याच्या अधिकाराखालील पदांविषयी बोलत होते. शिवाय ही अट घालण्याचा अधिकार घटनेने राज्यांच्या विधिमंडळांस न देता केवळ संसदेस दिला, जेणेकरून प्रत्येक प्रांताने आपापले कुंपण घालू नये. भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा, कोठेही राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात स्वतंत्रपणे आलाच आहे. आंबेडकरांच्या या भाषणाचा आधार घेऊन खाजगी कारखान्यातील मजुरीवर स्थानिकांचा हक्क सांगणे म्हणजे ज्या पक्ष्याविषयी ते बोलले त्याच्याऐवजी दुसऱ्याच पक्ष्यास जाळ्यात धरणे होय.

तरीही महाराष्ट्रात नेमके हेच घडले. उद्योगांतील ८० टक्के जागा स्थानिकांस मिळाव्यात हे धोरण शासनाने १९६८ पासून मान्य केले आणि २००८ साली ते उद्योगांस मिळणाऱ्या सवलतींशी जोडले. 'स्थानिक' कोण, तर ज्याचे राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य आहे तो. निजामाच्या १९१९ च्या नियमांतील आकडाच येथे पुन्हा भेटतो. हे अनुकरण आहे असे म्हणण्यास आधार नाही. अधिवासाच्या प्रमाणपत्रांच्या जगात १५ हा आकडा रूढ झालेला आहे इतकेच. परंतु कचेरीतील पदाचे माप कारखान्यातील कामास जसेच्या तसे लावले गेले, हे त्यावरून स्पष्ट होते. हरियाणाने २०२० साली खाजगी नोकऱ्यांतील ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा कायदा केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये तशाच विधेयकास मंत्रिमंडळाची संमती दिली आणि उद्योगांच्या विरोधानंतर ते थोपवून धरले. न्यायालयाने नागरिकाच्या हक्काच्या भाषेत जे सांगितले तेच उद्योगपतींनी नफ्याच्या भाषेत सांगितले. या योगायोगाने पुष्कळ विचारवंतांची दिशाभूल केली आहे. जणू कंपनीचे स्वातंत्र्य आणि मजुराचे स्वातंत्र्य ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

तशी ती आहेत काय, हे जालन्याच्या भट्टीपाशी जाऊन पाहावे लागते. भंगार वितळवून ओतीव ठोकळा काढणे, तो तापलेला ठोकळा रुळांमधून ओढून सळई बनविणे, हे काम धगीचे, धोक्याचे आणि अखंड पाळ्यांचे आहे. स्थानिक तरुण ते करीत नाही, तो आळशी आहे, असे सहज म्हटले जाते. हे म्हणणाऱ्यांनी त्याच जिल्ह्याचा तरुण थंडीच्या दिवसांत पहाटेपासून उसाच्या फडात कोयता चालवितो याकडे डोळेझाक केलेली असते. खरी गोष्ट अशी की, स्थानिक मजुरास गाव आहे. पेरणीस, सोंगणीस, लग्नकार्यास, मयतीस तो जातो. भांडण झाले तर संध्याकाळी घरी जाऊन चार माणसे घेऊन येतो. बाहेरून आणलेला मजूर कारखान्याच्या आवारातील खोलीत किंवा जवळच्या वस्तीत राहतो. त्याचा परतीचा रस्ता शेकडो कोसांचा आहे. त्याची ओळख ठेकेदारापुरती आहे. मालकाच्या दृष्टीने त्याचे मोल त्याच्या कौशल्याइतकेच त्याच्या अडकून पडण्यात आहे. ज्यास 'मजुरांची गतिशीलता' म्हणतात तिचे आर्थिक मूल्य अशा रीतीने गतिहीनतेतून निघते. मजूर दूरवरून यावा, पण आल्यावर हलू नये.

आणि हा मजूर बहुधा कारखान्याच्या हजेरीपटावर नसून ठेकेदाराच्या वहीत असतो. ८० टक्क्यांचे धोरण मोजते ते पटावरील माणसांना. स्थानिकतावादी शासननिर्णय आणि बाहेरच्या मजुरावर चाललेला कारखाना हे दोन्ही त्यामुळे एकमेकांस धक्का न लावता शेजारी नांदू शकतात. दोघांचाही निर्वाह वहीतल्या माणसाच्या अदृश्यतेवर होतो. स्थानिकांच्या तक्रारीत तथ्य नाही असे येथे सुचवायचे नाही. धूर त्यांच्या श्वासात जातो, २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराचे पाण्यावाचून जे हाल झाले ते त्यांनी भोगले, आणि अडलेल्या परक्या मजुराच्या स्वस्ताईमुळे त्यांच्याही मजुरीचा भाव खाली राहतो. तक्रार खरी असून निदान चुकीचे असू शकते, इतकाच याचा अर्थ.

आता भांडवलाच्या संचाराकडे वळावे. जालन्यास बहुराष्ट्रीय कंपनीचा परिचय पुस्तकातून झालेला नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. संकरित बियाणे खाजगी क्षेत्रात वाढविण्याच्या कार्याबद्दल त्यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने महिकोत २६ टक्के भागभांडवल घेतले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. त्यानंतरची दीड-दोन दशके या जनुकाच्या मोबदल्याचा दर किती असावा, पेटंट ग्राह्य की अग्राह्य, बियाण्याच्या पिशवीची कमाल किंमत केंद्राने ठरवावी की राज्यांनी, हे प्रश्न मंत्रालये, आयोग आणि न्यायालये यांत लढविले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किंमतनियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ साली मोन्सँटोने आपल्या पुढच्या पिढीच्या बियाण्याचा अर्ज मागे घेतला. २०१८ मध्ये ती कंपनीच जर्मनीच्या बायरमध्ये विलीन झाली. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनी या सर्व काळात कंपनीस कडवा विरोध केला, आणि तो विरोध सर्वस्वी पोकळ होता असे म्हणता येणार नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. जनुकास सीमा ओलांडताना वाटाघाट करता येते. त्यास वकील असतात, दर असतो, अर्ज मागे घेण्याची सोय असते. जनुक रुसून परत जाऊ शकते, आणि त्याच्या परत जाण्याने राष्ट्रास विचार करावा लागतो. भट्टीतील भंगारही बंदरावरून येताना जकात, दर आणि कागदपत्रे घेऊन येते. या जिल्ह्यात ज्यांची हालचाल कोणत्याही वाटाघाटीशिवाय होते असे दोनच घटक दिसतात : पाऊस आणि मजूर.

ऊसतोडीच्या व्यवहारात हे अधिक नागडेपणाने दिसते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामापूर्वी मुकादम त्यास 'उचल' देतो. ती फिटेपर्यंत जोडपे त्याचे. माणसाची मोजणी हत्याराने व्हावी, यावर निराळे भाष्य नको. या व्यवहारात कुणाच्या संचारावर बंदी नाही. उलट संचार हाच व्यवहार आहे. मजूर जातो तो उचल घेतली म्हणून, थांबतो तो उचल फिटली नाही म्हणून, आणि पुढल्या वर्षी पुन्हा जातो तो याच कारणाने. त्याच्या जाण्यास स्वातंत्र्य म्हणावयाचे तर न जाण्याचे स्वातंत्र्य त्यास आहे काय, असे विचारावे लागते. आणि तो परप्रांतीय नाही. तो मराठी आहे, बहुतेक वेळा दोन-चार एकरांचा धनीही आहे, म्हणजे शब्दाच्या दोन्ही अर्थांनी भूमिपुत्र आहे. भूमिपुत्रत्वाने त्याचे काहीही राखले गेलेले नाही. राज्याच्या सीमेआत राहूनही तो कारखान्याच्या माळावरील पालात उपराच असतो. जनगणनेचे कोष्टकही त्यास पकडू शकत नाही. २०११ च्या गणनेने देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले, त्यांतील मोठा भाग लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा होता; पण गणना फेब्रुवारीत, म्हणजे गाळप हंगामाच्या ऐन मध्यावर झाली, आणि सहा महिने जाऊन सहा महिने परतणाऱ्याची विचारणा त्या प्रश्नावलीत नव्हती.

मुक्त संचाराचे पुरस्कर्ते यावर म्हणतील की, हा दोष मध्यस्थांचा आहे. सीमा आणि अडथळे पूर्ण काढले तर मजूर उत्तम मजुरीच्या शोधात आपोआप योग्य स्थळी पोहोचेल. युरोपचा अनुभव या आशावादास पुष्टी देत नाही. १९५७ च्या रोमच्या कराराने वस्तू, सेवा आणि भांडवल यांच्या बरोबरीने कामगारांच्या मुक्त संचाराचे तत्त्व स्वीकारले. तथापि पुढे कामगार स्वतः जाण्याऐवजी कंपनी आपले कामगार घेऊन दुसऱ्या देशात जाऊ लागली. एका लाटव्हियन कंपनीने स्वीडनमधील वॅक्सहोम येथे शाळेचे बांधकाम आपल्या देशातून आणलेल्या कामगारांकडून चालविले, स्वीडिश संघटनांनी स्थानिक सामूहिक करार लागू करण्यासाठी नाकेबंदी केली, आणि २००७ साली युरोपीय न्यायालयाने निर्णय कंपनीच्या बाजूने दिला. नाकेबंदीने कंपनीच्या सेवा देण्याच्या स्वातंत्र्यास बाध येतो, असे त्याचे सूत्र होते. येथे जो मुक्तपणे संचरला तो मुकादम होय. कामगार त्याच्या सामानाबरोबर गेला. २०१६ च्या सार्वमताने ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा प्रचाराचा रोख याच कामगारावर होता. राष्ट्रवादाने शत्रू म्हणून निवडला तोही तोच, आणि बाजाराने स्वातंत्र्याची ध्वजा ज्याच्या खांद्यावर दिली तोही तोच.

२०२० सालच्या टाळेबंदीत या देशात जे घडले ते या विवेचनाची कसोटी मानावे लागेल. २५ मार्चपासून रेल्वे, मोटारी, कारखाने थांबले. २९ मार्चच्या आदेशाने राज्यांनी सीमा बंद करून मजुरांची हालचाल रोखावी असे ठरले. २९ एप्रिलला त्यांच्या परतण्यास परवानगी मिळाली आणि १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक शासनाने बांधकाम व्यावसायिकांच्या प्रतिनिधींशी मुख्यमंत्र्यांची बैठक झाल्यानंतर या गाड्याच रद्द करविल्या; कामे सुरू व्हावयाची आहेत, मजुरांनी थांबावे, असा त्याचा हेतू होता. सर्वत्र टीका झाल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला. भूमिपुत्रांच्या नावाने मजुरास 'जा' म्हणणारी राज्यसंस्था उद्योगाच्या नावाने त्यास 'थांब' म्हणू लागली. दोन्ही आज्ञांत त्याच्या स्वतःच्या इच्छेस स्थान नाही, या मुद्द्यावर प्रांताभिमान आणि भांडवल यांचे भांडण उरत नाही.

याच आठवड्यात, ७ मेच्या संध्याकाळी, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील वीस मजूर रेल्वेमार्गाने पायी निघाले. भुसावळपर्यंत जावे, तेथून गावाकडील गाडी मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांतील ही माणसे. रस्त्याने गेले तर अडवतील, रूळ मात्र मोकळे आहेत आणि गाड्या बंद आहेत, असा त्यांचा हिशेब. बदनापूर ओलांडून करमाडजवळ ती थकून रुळांवरच विसावली. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली आणि त्यांतील सोळा जण ठार झाले. वर्तमानपत्रांनी रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र छापले आणि देश हळहळला. १५ मे रोजी मजुरांच्या पायपिटीविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा, लोक रुळांवर झोपू लागले तर त्यांना कोण कसे थांबविणार, अशा आशयाचे उद्गार न्यायासनाकडून निघाले. त्याच न्यायालयाने २६ मे रोजी स्वतःहून दखल घेतली आणि दोन दिवसांनी मजुरांकडून प्रवासभाडे घेऊ नये असा आदेश दिला.

या घटनेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आणि त्यांतील बहुतेक करुणरसाने ओथंबलेले आहे. करुणेस आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्या सोयीस्करपणास. त्या लेखनात मालगाडी ही नियती होते आणि भाकरी हे प्रतीक. त्या रात्री धावणारी गाडी मालगाडी होती, ही गोष्ट मात्र प्रतीकाच्या आड जाते. माल हलत होता. टाळेबंदीने वस्तूंची वाहतूक थांबविली नव्हती, आणि ती थांबविणे योग्यही झाले नसते. तोच लोहमार्ग मालास रात्रभर खुला होता आणि तो माल घडविणाऱ्यास त्यावरून पायी जाणेही बेकायदा होते, इतका हा विषय सरळ आहे. दुसरी उपेक्षित गोष्ट तुलनेची. पश्चिम महाराष्ट्रात अडकलेल्या ऊसतोड मजुरांस गावी नेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने एप्रिलच्या मध्यासच घेतला होता. त्यांच्या जिल्ह्यांचे आमदार होते, मंत्री होते, मते होती. शहडोलच्या मजुराचे मत शहडोलात आणि घाम जालन्यात. दोन्ही ठिकाणच्या सत्तेस तो अर्धाच दिसतो. भूमिपुत्राच्या राजकारणाने मराठी मजुरास थोडे काही दिले असेल तर ते हे, आणि तेही उसाच्या फडात नव्हे, परतीच्या वाटेवर.

मराठी साहित्यविचाराने या प्रश्नाशी कसा व्यवहार केला याचे एक जुने उदाहरण येथे उद्बोधक ठरते. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही रचना संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. पोटासाठी मुंबईस आलेला मजूर गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो, आणि शेवटी तो विरह बेळगाव-कारवार-निपाणीच्या विरहाशी जोडला जातो. अण्णा भाऊंचे कुटुंब वाटेगावाहून पायी चालत मुंबईस आले होते. मजुराचे दुःख त्यांना शाहिरी सामग्री म्हणून उसने आणावे लागले नाही. रचनेची बांधणीही अशी आहे की, मजुराचा विरह हा पाया आणि प्रांताचा विरह ही त्यावरील कमान. परंतु तिच्या पुढील अर्धशतकी वाचनात कमान तेवढी पाहिली गेली. संयुक्त महाराष्ट्राचे वीरगीत म्हणून तिची कीर्ती वाढली आणि मजुराचे कुटुंब दोन ठिकाणी का तुटते हा तिचा पहिला प्रश्न उपमान होऊन बसला. राज्य १९६० साली मिळाले. मैना मात्र गावीच आहे. ती आता मंठ्याच्या वाडीतही असेल आणि उमरियाच्या पाड्यावरही. मजुराच्या विरहाचे भाषांतर भाषिक अस्मितेत करून झाल्यावर दुसऱ्या भाषेच्या मजुराचा विरह ऐकू येईनासा व्हावा, ही टीकाकारांनी त्या रचनेवर केलेली कुरघोडी आहे. शाहिराचा दोष नव्हे. ज्या रचनेत परत जाण्याची ओढ हाच प्राण आहे, तिला 'येथलेपणा'ची ध्वजा बनविण्यात जो विरोध आहे तो मराठी समीक्षेने अद्याप सोडविलेला नाही.

परतण्याच्या या प्रश्नाचा विचार भारतीय कायद्याने एकदा तरी केला होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने ठेकेदारावर तीन गोष्टींचे बंधन घातले : मजुराचे छायाचित्र लावलेले पासबुक, जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता, आणि गाव सोडावे लागल्याबद्दल विस्थापन भत्ता, जो मासिक मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांपैकी जो अधिक तो. शेवटची तरतूद विशेष आहे. घर सोडणे ही हानी आहे आणि तिचे मूल्य देणे लागते, हे तत्त्व तीत गृहीत आहे. मुल्की नियमांच्या प्रतिज्ञापत्राचे ते जणू उत्तरच आहे. तुझे घर तेथे आहे, तू परत जाणार आहेस, आणि म्हणूनच तुझे देणे लागते, असे हा अधिनियम सांगतो. अंमलबजावणी अर्थातच नाममात्र राहिली. २०२० साली रस्त्यांवर जी माणसे दिसली त्यांची नोंद कोणत्याही पासबुकात नव्हती, आणि सप्टेंबर २०२० मध्ये स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी आपल्याकडे नाही असे केंद्र शासनाने संसदेस सांगितले. त्याच वर्षी संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम विलीन करण्यात आला, आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत स्थलांतरित मजुराची व्याख्या रुंदावली असून ठेकेदाराशिवाय स्वतः आलेलाही तीत येतो, ही सुधारणा खरी आहे. परंतु कायदा लागू होण्यासाठी पूर्वी पाच मजूर पुरत होते, आता दहा लागतात; वार्षिक प्रवासभत्ता राहिला, आणि विस्थापन भत्ता गळाला. नव्या व्याख्येतही राज्याची सीमा ओलांडणाराच स्थलांतरित ठरतो. परतूरहून कोल्हापूरच्या फडावर गेलेले जोडपे तीत बसत नाही. तेच जोडपे पलीकडे बेळगावच्या कारखान्यावर गेले, तर बसते.